सहावं चित्र

मनुष्यप्राणी दोन मार्गांनी जागृत होतो: पोट भरून किंवा चित्रं पाहून. पैकी दुसरा मार्ग सरकारास स्वस्त पडत असल्याने, विकासगटाची नवलाई ताजी होती त्या साली, केशोरीच्या पलीकडच्या एका खेड्यात चित्रकथेच्या पुस्तिका येऊन पडल्या. सरपंच भैयाजींनी त्या स्वहस्ते वाटल्या. न वाचता वाटल्या, हे सांगायला नको (पदाधिकारी वाचत बसला तर वाटणार कधी?).

कथा सहा चित्रांची होती. एक सरपंच गावाची विहीर आपल्याच घरामागच्या बाडीत खोदवतो आणि फाटकाला कुलूप लावतो. तिसऱ्या चित्रात बाया घागरी घेऊन येतात, चौथ्यात तो हसत कुलूप काढतो, पाचव्यात त्याला हार.

आता भैयाजींनाही बाडी होती, बाडीत सरकारी विहीर होती, फाटकाला कुलूप होतं; पण एवढ्यावरून कथेशी नातं जोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गावातल्या रुख्माच्या होतं. तिला अक्षर येत नव्हतं, चित्रं येत होती. आणि उन्हाळाभर गावाबाहेरच्या बोडीतलं, म्हणजे लहानशा तळ्यातलं, गढूळ पाणी वाहून तिची मान धरली होती. गावाची जागृती तपासायला साहेबांची जीप आली, त्याच सकाळी ती बाया घेऊन फाटकाशी उभी राहिली.

"काऊन आल्या वं?" भैयाजींनी विचारलं.

"आमी तिसऱ्या चित्रातल्या. आता चौथं तुमचं, भैयाजी."

साहेब पाहत होते. भैयाजी हसले, कुलूप काढलं, बायांनी सोबतच आणलेला हार गळ्यात घेतला. जागृती शंभर टक्के भरली (घागरी कोणी मोजल्या नाहीत). जीपची धूळ खाली बसायच्या आत कुलूप पुन्हा लागलं. पाचव्या चित्रानंतर काय करायचं, हे भैयाजींना कोणी सांगितलंच नव्हतं.

रुख्माने सहावं चित्र उघडलं. त्यात एक गृहस्थ खुर्चीत रेलून हीच पुस्तिका वाचत होते आणि खुशीत हसत होते.

"हा कोण जी?" तिने ग्रामसेवक जागेश्वरला विचारलं.

"वाचक. वाचून त्याच्या अंगी बळ येऊन राहिलं."

"मंग उठते कवा?"

यावर जागेश्वरला वरून काही सूचना नव्हत्या. रुख्मा थांबली नाही. तिने कुंपणाकडेचा धोंडा उचलला आणि दोन दणक्यांत कुलूप खाली पाडलं. असं चित्र पुस्तिकेत नसल्याने ते अहवालात घेतलं गेलं नाही.

फाटक तेव्हापासून उघडं आहे. गृहस्थ मात्र अजून रेललेलेच आहेत, आणि ही शेवटची ओळसुद्धा त्यांनी हसत हसतच वाचली आहे.