पोचवणारे नाना

नाना तळवडेकर उलटे चालतात.

कायम नाही. एकटे असले तर तुमच्याआमच्यासारखे नाकासमोर चालतात. पण बरोबर कोणी असलं आणि त्या माणसाला कुठं तरी पोचवायचं असलं, की नाना चार पावलं पुढे जातात, गर्रकन वळतात, त्याच्याकडे तोंड करतात आणि पाठ रस्त्याला देऊन चालायला लागतात. दोन्ही हात छातीसमोर, बोटं स्वतःकडे हलवत, तोंडानं "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मागून हातगाडी येवो, टॅक्सी येवो, उघडं गटार येवो, नाना बरोबर कडेनं निघतात. काळाचौकीतले लोक आता त्यांच्याकडे बघतही नाहीत. नवा माणूस मात्र हातातला चहा तसाच धरून उभा राहतो.

सवय मिरवणुकीची. आमच्या मंडळाचा गणपती विसर्जनाला निघाला की ट्रॉलीसमोर एक माणूस लागतो. त्यानं मूर्तीकडे बघत मागे मागे चालायचं आणि ढकलणाऱ्यांना सांगायचं, डावीकडे घ्या, आस्ते, वर वायर आहे. काळाचौकी ते गिरगाव चौपाटी हे काम नानांनी इतकी वर्षं केलं की त्यांच्या टाचांना रस्ता पाठ झाला.

मी शाळेत अशीच गेले. तिसरीत होते तेव्हा गिरण्यांचा संप झाला. बाबा आणि नाना एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संपात आमच्या घरातला चहा आधी काळा झाला, मग गुळाचा झाला, मग फक्त पाहुण्यांपुरता झाला आणि शेवटी पाहुणेच यायचे बंद झाले. बाबा "चार दिवस शेती बघून येतो" म्हणून गावी गेले ते तिकडेच राहिले. आईनं डबे करून द्यायला सुरुवात केली. सकाळी तिला मान वर करायला सवड नसायची. धाकटा संजू तिच्या पदराला. मग मला शाळेत कोण नेणार? शेजारच्या खोलीत नाना एकटे राहायचे आणि गिरणी बंद म्हणजे माणूस मोकळा. रोज सकाळी मी दप्तर घेऊन पुढे बघत चालायचे आणि नाना माझ्याकडे बघत. सगळ्याच मुलींना असं शाळेत नेतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

कॉलेजात जायला लागल्यावर मी हात जोडले. "नाना, आता नको."

"बरा," नाना म्हणाले. "मगे नाक्यापर्यंत येतो."

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी ज्याला त्याला सांगते, तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. फोर्टला विम्याच्या ऑफिसात लागले. चाळिशी आली तशी गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून दादरच्या तलावात उतरले. तिथे शिकवणारा रोहन नावाचा कोच भेटला, वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान. त्यानं पोहण्यावरून सायकलवर नेलं, सायकलवरून धावण्यावर. छोट्या छोट्या शर्यती झाल्या आणि मग त्यानं एकदा विचारलं, "मॅडम, तीन दिवसांची करायची?"

पहिल्या दिवशी समुद्रात दहा किलोमीटर पोहायचं आणि बाहेर येऊन सायकल मारायची. दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस सायकल. तिसऱ्या दिवशी दोन मॅरेथॉन लागोपाठ. रोजची वेळ ठरलेली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सहानंतर आलात तर शर्यत सोडा. आणि सोबत आपापला सपोर्ट क्रू आणायचा. म्हणजे गाडी, गाडीत माणसं, माणसांकडे पाणी, खाणं, मलम आणि धीर.

"म्हणजे कार्यकर्ते," नाना म्हणाले. "मी हाय."

मी नको म्हणू शकले नाही, त्याला कारण होतं. त्याच वर्षी मंडळाच्या नव्या पोरांनी नानांना शाल दिली, नारळ दिला आणि व्यासपीठावर खुर्ची दिली. "नाना, तुम्ही आता बसायचं. ट्रॉलीसमोर आम्ही बघतो." विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक गेली आणि रिकाम्या मंडपात खुर्चीवर नाना उरले. मी बघायला गेले तर शाल मांडीवर घडी करून बसले होते. म्हणाले, "नंदे, ट्रॉलीचा आवाज ऐकलास? डावं चाक घासतंय. वळणावर अडकणार." ती वळणावर अडकली नाही. चौपाटीवर सुखरूप पोचली. ते ऐकून नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तर असं होतं. मला ती शर्यत वेळेत पुरी करायची होती आणि नानांना पोचवायला काहीतरी पाहिजे होतं.

क्रू ठरला. गाडी चालवायला संजू, खाण्याला संजूची बायको सुषमा, प्रमुख नाना. पहिली बैठक नानांच्या खोलीत. आम्ही गेल्यागेल्या नानांनी सगळ्यांना पोपटी टी-शर्ट वाटले. पाठीवर मोठ्या अक्षरात "कार्यकर्ता". मलाही तसाच.

"नाना, मी धावणारी आहे."

"छापणाऱ्यानं सगळे एकसारखे केले. घाल. कपडा चांगला हाय."

पुढचे सहा महिने मी "कार्यकर्ता" लिहिलेला टी-शर्ट घालून धावले.

पहिला सराव मरीन ड्राइव्हवर ठेवला. पहाटे उतरून बघते तर संजूचे चार मित्र जाड दोरीचा चौकोन धरून उभे. मिरवणुकीत मूर्तीभोवती धरतात तो.

"नाना, हे काय?"

"दोरी."

"ते दिसतंय. कशाला?"

"गर्दीतून कोण आत घुसला म्हणजे?"

"नाना, साडेपाच वाजलेत. चार म्हातारे आहेत आणि एक कुत्रा आहे."

"मगे तो कुत्रो?"

त्या पोरांना पहाटे उठवून आणलेलं, परत कसं पाठवायचं? मी दोरीच्या आत धावले. पोरं बाहेरून धावली. समोर नाना, "येऊ दे, येऊ दे" करत. नरिमन पॉइंटकडून येणारे एक गृहस्थ बाजूला झाले आणि संजूला विचारते झाले, कुठल्या पक्षाच्या आहेत? एका आजींनी दोरीच्या बाहेरून मला हात जोडले. मीही जोडले. धावता धावता दुसरं काय करणार? चौपाटीपाशी दोरीतल्या एका पोराला धाप लागली आणि तो खाली बसला, तेव्हा चौकोनाचा त्रिकोण झाला आणि मी सुटले.

रोहननं संजूनं काढलेला व्हिडिओ बघितला आणि डोक्याला हात लावला. "काका, शर्यतीत हे चालणार नाही. मॅडमच्या जवळ एका वेळी एकच माणूस पाहिजे. आणि त्यानंही पुढे चालायचं नाही. बाजूला किंवा मागे. पुढे दिसलात तर त्यांना बाद करतील."

दोरीचं नानांनी ऐकलं. पुढचं त्यांना पटेना. "बाजूनं चालून तिचं तोंड कसं दिसेल? तोंड बघितल्याशिवाय कळणार कसं, दमली की नाटक करतेय?"

"काका, नियम आहे."

सहा महिन्यांत सगळ्यांत कठीण सराव नानांचा झाला. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सुषमा पुढे बघून चालायची आणि नानांनी तिच्या बाजूनं चालायचं. चार खोल्या नीट जायच्या. पाचवीला खांदा वळायचा, मग कंबर वळायची आणि नाना पुन्हा तिच्यासमोर. सुषमा मुळातच फटकळ. "नाना, मी काय गणपती हाय? सरळ चाला, नायतर सोंडेनं मारीन." गॅलरीतले लोक दारात खुर्च्या टाकून बघायचे. जिन्यापासून नळापर्यंत नाना न वळता गेले, त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या. नानांनी नळाला हात लावला आणि म्हणाले, "मान दुखली."

सरबताचं प्रकरण त्यानंतरचं. रोहननं तासातासाला काय प्यायचं, त्यात मीठ किती, साखर किती, याचा तक्ता दिला होता. नानांनी तो गाडीच्या काचेला चिकटवला आणि त्याच्याकडे पाठ करून कोकम सरबत केलं. मीठ मुठीनं. "गिरणीत आम्ही मीठ खाऊनच उभे राहायचो गो." वरळीच्या समुद्राकाठी मी ते सगळं समुद्राला परत दिलं. नाना बाजूला उभे राहिले, पाठ चोळली, आणि म्हणाले, "पोरगो बरोबर होतो."

त्या दिवसापासून मात्र नाना तक्त्याच्या बाबतीत रोहनपेक्षा कडक झाले. वेळ झाली की शिट्टी. शिट्टी झाली की केळं. ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन यायचा. "खाल्लंस?" आमच्या मॅनेजरसाहेबांना वाटायचं, माझ्या घरी कोणीतरी फार आजारी आहे.

शर्यत कोकणात होती, समुद्राकाठच्या एका गावात. पोहताना सोबत आयोजकांची होडी आणि होडीत क्रूपैकी एक जण. अर्थातच नाना. एवढे गणपती समुद्रापर्यंत नेलेला हा माणूस आयुष्यात होडीत बसला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं. दहा किलोमीटर ते डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. मी मान वर केली की दिसायचे, चेहरा टी-शर्टसारखा पोपटी, तोंडात शिट्टी. होडीवाला सांगायचा, "काका, वेळ झाली," मग शिट्टी वाजायची. मी वेळेत बाहेर आले. नाना माझ्यानंतर आले आणि वाळूवर आडवे झाले.

सायकलीचे दोन्ही टप्पे वेळेत झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं घडू नये, हेच क्रूचं काम असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर माझे पाय गेले. तळव्यांना फोड, मांड्यांत गोळे. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, पुढे चढ आणि चढाच्या पुढे चढ. मी थांबले. रोहन तिकडून फोनवर काहीतरी समजावत होता, मला ऐकू येत नव्हतं. नाना गाडीतून उतरले, माझ्या बाजूला आले. वळले नाहीत.

"हा भायखळ्याचा पूल," ते म्हणाले.

"कुठला पूल?"

"हा चढ. भायखळ्याचा पूल हाय. इथं ट्रॉली जड लागते, सगळ्यांनाच लागते. इथं कोण धावत नाय. चाल."

मी चालले. पूल उतरला. मग नागपाडा आला, काजूच्या झाडांतून. एका शाळेसमोर पोरं उभी होती, तो झाला दोन टाकीचा नाका. तिथे मी पुन्हा धावायला लागले. दर थोड्या वेळानं नाना गाडीतून उतरायचे आणि आपण कुठं आलो ते सांगायचे. गंमत म्हणजे मला ते समजत होतं. त्या मिरवणुकीत मी लहानपणापासून चाललेय. नागपाड्याला किती दमतो, ऑपेरा हाऊसला किती दमतो, हे माझ्या अंगाला माहीत आहे. ऑपेरा हाऊसला माणूस दमलेला असला तरी परत फिरत नाही.

"काय आलं?" मी विचारलं.

"ऑपेरा हाऊस."

"नक्की?"

"मी कधी खोटं बोललो?"

वळण घेतलं तर खरंच खाली समुद्र होता आणि शर्यत संपायची कमान होती.

मी रेषा ओलांडली तेव्हा सहाला थोडी मिनिटं बाकी होती. सुषमा रडत होती आणि रडत रडत मला शिव्या देत होती. संजूनं मला उचललं आणि पाठीत कळ आली म्हणून लगेच खाली ठेवलं. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. मी नानांना शोधलं. नाना नव्हते.

"आत्ता तर होते, ताई," संजू म्हणाला.

मी खुरडत वळणाकडे परत गेले. नाना खाली येत होते. सोबत बेळगावचे दातांचे डॉक्टर होते, शर्यतीतले शेवटचे. त्यांच्या क्रूच्या गाडीचा टायर मागे कुठंतरी फुटला होता आणि ते एकटेच चालत आले होते. मी त्यांच्यापर्यंत पोचले आणि कमानीपाशी भोंगा वाजला. सहा झाले.

"काका, तुम्ही जा आता," डॉक्टर म्हणाले. "माझं संपलं. मला आता शर्यतीत धरणार नाहीत."

"नाय धरू दे. तुम्ही चालताय ना?"

"हो."

"मगे चाला."

मी हळूच म्हटलं, "नाना, वेळ गेली त्यांची. कमान सोडवतायत."

नाना माझ्या बाजूला झाले आणि बस चुकल्याचं सांगावं तशा आवाजात बोलले. "नंदे, आमचा संप मिटला, असं मला आजपर्यंत कोणी येऊन सांगितलेलं नाय. तेव्हा माझं लग्न ठरलेलं. तुला ठाव नसेल, तू लहान होतीस. मुलीचे बाबा बोलले, संप मिटला की निरोप धाडा. मी रोज गेटवर जायचो. कोण बोलायचा, चालू हाय. कोण बोलायचा, थोडं थांबा. मिटला असं कोण बोललाच नाय. मी काय निरोप धाडणार?"

 तेहेतीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही.

"कोणीतरी सांगायला लागतं गो," नाना म्हणाले. "की बाबा, पोचलास. आता बस. नायतर माणूस चालतच राहतो." आणि डॉक्टरांकडे वळून, "काय डॉक्टर, दात दुखत नाय ना?"

डॉक्टर हसले. हसताना त्यांचे ओठ फुटलेले दिसले.

मी शक्य तेवढ्या जोरात संजूला हाक मारली. त्यानं कमान सोडवणाऱ्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण दोन्ही बाजूंनी दोघांनी ती हातांनी उभी धरली. सुषमा केळं घेऊन उभी राहिली. डॉक्टर रेषेवरून गेले. नानांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पोचलात."

डॉक्टर वाळूत बसले आणि बराच वेळ बसून राहिले. नानाही त्यांच्या शेजारी बसले.

त्या दिवशी मी तीन दिवसांची शर्यत वेळेत पुरी केली. डॉक्टरांनीही पुरी केली, वेळेनंतर.