मास्तरांच्या बोटाला न जुमानणारी स्क्रीन

या प्रकरणातून गुप्तहेर भिंगरावांना मिळणार होता एक कोट. अकरा चोरकप्प्यांचा, शिलाई माफ. त्यांच्या मेहुण्याला मिळणार होती भिंगरावांची बॅग धरण्याची संधी. ती त्याला गेली सहा वर्षं मिळतच होती.

"मी कोण, ठाऊक आहे ना?" शिंप्याच्या दुकानात शिरताच भिंगराव गरजले. "माझ्या नजरेतून डास निसटत नाही. मला पाहून गुन्हेगार कबुलीसाठी रांग लावतात!"

"भाऊजी, तो आरसा आहे," मेहुणा म्हणाला. "मास्तर इकडे आहेत."

मास्तर कापड बेतायच्या टेबलामागे चाळीस वर्षं उभे होते. महिन्यापूर्वी सुनेने दुकानात टच स्क्रीनचा कॉम्प्युटर आणला. मापं आता वहीत नाही, स्क्रीनवर भरायची. सुनेने बोट टेकवलं की आकडा उमटे. मास्तरांनी टेकवलं की ढिम्म. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर मी घरी बसतो!" असं मास्तर तावातावाने बोलून गेले होते. आज शनिवार होता आणि घरी बसायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

भिंगरावांनी बोट लावलं. चाललं. मेहुण्याचं चाललं. सुनेने तर कोपर टेकवलं, तेही चाललं. मास्तरांनी बोट आपटलं. थप्! काही नाही.

"फितुरी!" भिंगरावांनी सुनेवर भिंग रोखलं. "काय देऊन वश केलंत याला?"

"चार्जिंग," सून म्हणाली.

भिंगरावांनी हे आपल्या वहीत टिपून घेतलं. मग निष्कर्ष बदलला. यंत्र मानी आहे, त्याला आदर हवा. मास्तरांनी चष्मा सावरला. "साहेब, छातीचं माप अडतीस घ्यायची कृपा व्हावी." थप्! साहेबांनी कृपा केली नाही.

"आलं ध्यानात!" भिंगराव उडालेच. "हे फक्त सुनेचा चेहरा ओळखतं. मास्तर, वेषांतर!"

सुनेची ओढणी मास्तरांच्या डोक्यावर चढली. भिंगरावांनी मान तिरकी करून पाहिलं. "मिशी खटकते."

"चाळीस वर्षांची आहे हो!"

"टेबल हवंय की मिशी?"

मास्तरांनी डोळे मिटले. कात्री चालली. मेहुण्याने नजर वळवली. असले प्रसंग त्याला बघवत नसत.

"अडतीस," मास्तर बारीक आवाजात किणकिणले. थप्! सून हसू दाबायला कापडाच्या गठ्ठ्यामागे गेली.

इतक्यात मास्तरांची बायको चहा घेऊन आली. नवऱ्याकडे बघून ती क्षणभर थबकली, पण चहा निवत होता. तिने पहिला कप त्यांच्या हाती दिला.

"अगं बाई, केवढा कढत!" दुसरा कप टेबलावर टेकवत ती म्हणाली. "तुम्हाला बरा चटका बसत नाही?"

"कातडी टोपी आहे ना बोटात."

सुई टोचू नये म्हणून घातलेली ती टोपी. मास्तर त्याच बोटाने सुई ढकलत, त्याच बोटाने गिऱ्हाइकाला ताठ उभं करत, त्याच बोटाने जगाला दटावत. ती वेगळी वस्तू आहे हे सगळेच विसरले होते.

"मग ज्या बोटाला चहाचा चटका कळत नाही ते बोट त्या काचेला कसं कळावं? काढा ती आधी!"

टोपी निघाली. आतलं बोट सुरकुतलेलं, लाजरं. ते टेकलं आणि अडतीस उमटलं.

"माझा चौथा निष्कर्ष हाच होता," भिंगराव म्हणाले.

"वहीत दिसत नाही, भाऊजी."

"मनात होता."

सोमवारी मास्तर ऐटीत टेबलामागे उभे राहिले. जुनं गिऱ्हाईक आत आलं, त्यांच्याकडे बघून बावरलं. "मास्तर नाहीत का? मग उद्या येतो."

अकरा चोरकप्प्यांचा कोट मास्तरांच्या बायकोला मिळाला. भिंगरावांना चहा मिळाला, मेहुण्याला बॅग. भुर्दंड पडला तो एकट्या मिशीला, आणि तिने त्या कॉम्प्युटरचं काहीच वाकडं केलं नव्हतं.