वाचनामुळे वापरात येणारी घट

ज्ञान अमर्याद आहे, याविषयी दुमत नाही. परंतु जे मोजता येत नाही ते अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न उरतोच. थोर संस्था या प्रश्नापुढे डगमगत नाहीत. त्या रकाना आधी आखतात आणि ज्ञानाला त्यात बसायला सांगतात.

वसईतील आमच्या महाविद्यालयात सन २००६ च्या जूनमध्ये ऑनलाइन संशोधन ग्रंथालय सुरू झाले. जगभरच्या संशोधकांनी लिहिलेले लाखो लेख त्यात होते. ते वाचण्यासाठी दोन संगणक होते आणि ते चालवण्यासाठी मी होतो. (माझे पद ग्रंथालय सहायक. सहाय्य कोणाला करायचे, हे नेमणूकपत्रात नव्हते.) त्या वर्षी दसऱ्याला दोन्ही संगणकांना झेंडूचे हार घालण्यात आले. पडद्यांवर कुंकवाची बोटे उमटली. डाव्या संगणकाच्या सीडीच्या खाचेत एक पाकळी गेली ती अजून आत आहे. एवढ्या श्रद्धेने पूजलेले ग्रंथालय तालुक्यात दुसरे नसावे.

येथे थोडे विषयांतर करतो. मला कीर्तनाचे वेड आहे. रामनवमीच्या उत्सवात आमच्या देवळात दरवर्षी एक बुवा येतात. पूर्वरंगाला मंडपात सतरा-अठरा डोकी असतात आणि आरतीला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आरतीचे तबक फिरताना डोकी मोजली, तर कीर्तन भलतेच रंगले असे म्हणावे लागते. बुवांना हे ठाऊक आहे. म्हणून ते उत्तररंगात मध्येच, आवाज न बदलता, "आणि मारुतीरायाने सीतामाईच्या हाती श्रीकृष्णाची अंगठी ठेवली" असे म्हणतात आणि कोणाची मान वर होते ते पाहतात. एके वर्षी पेटीवाल्याचीच झाली. (त्याला बुवांनी आधी सांगून ठेवले होते.)

असो. ऑनलाइन ग्रंथालय पुरवणाऱ्या संस्थेची एक अट होती. वर्षाला किमान पंचवीस हजार लेख उतरवून घेतले गेले पाहिजेत, अन्यथा जोडणी बंद. लेख उतरवणे म्हणजे कळ दाबून तो आपल्या संगणकात घेणे. वाचण्याविषयी अटींमध्ये काही नव्हते. या कामासाठी वापर-वृद्धी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष आत्माराम सर. ते मूळचे गासचे, घरची वाडी असलेले. पोफळी किती आणि नारळ किती हे झोपेतही सांगतील असा हिशेबी माणूस. समितीने ठरवले, की प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला दहा लेख उतरवावेत. हजेरीपट उघडण्यात आला.

त्यानंतर आमच्याकडे ज्ञानाची अशी काही झुंबड उडाली की मला अश्रू आवरेनात.

समितीने केलेल्या पाहणीत ९७.४ टक्के विद्यार्थ्यांनी सदर ग्रंथालय 'अत्यंत उपयुक्त' असल्याचे नोंदवले. (पैकी एकसष्ट जणांनी "ते कुठल्या मजल्यावर आहे?" असेही विचारले.) पाहणीवरून वाचकांचे पाच वर्ग निश्चित करण्यात आले. सर्वांत मोठा वर्ग संग्राहकांचा. हे येतात, उतरवतात, सीडीत भरतात आणि सीडी चुलतभावाला देतात. त्यानंतर येतात दर्शनार्थी. हे पडद्यासमोर उभे राहून "बाप रे, केवढं आहे!" म्हणतात, आणि त्यांना बरे वाटते. मग संदर्भवाले, यांना लेखाचे फक्त शेवटचे पान लागते, कारण तिथे ग्रंथांची यादी असते आणि ती आपल्या प्रकल्पाला जशीच्या तशी चिकटवता येते. (नालासोपाऱ्यातील कचरा या विषयावरील एका प्रकल्पाच्या शेवटी नॉर्वेतील बर्फासंबंधी एकवीस ग्रंथ आहेत. प्रकल्पाला पहिला वर्ग मिळाला.) आणि शेवटी सारांशवाले, जे सारांशाचे पहिले वाक्य वाचतात आणि दुसऱ्या वाक्याबद्दल मत देतात.

संग्राहकांचा मुकुटमणी म्हणजे विरारचा संकेत. एका दुपारी तो खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "काका, चारशे बारा! रेकॉर्ड आहे. बोर्डावर नाव लावा ना."

"कुठल्या विषयाचे रे?"

"विषय काय काका, ए पासून सुरुवात केलीय. आता एच ला आलोय."

"आणि वाचणार कधी?"

"आधी झेड तर येऊ दे."

त्याचे नाव फलकावर लागले. माझ्याच अक्षरात.

अशा या भरभराटीत एकच अडथळा होता. तिचे नाव स्वप्नाली.

ही शास्त्र शाखेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी पाचूबंदरची. तिची आई मासळी खारवून विकते, म्हणजे सुरमई नि घोळ चिरून, मीठ भरून, पिंपात रचून ठेवते आणि पावसाळ्याच्या तोंडावर लोकांची बेगमी सुरू झाली की बाजारात नेते. गेली तीन वर्षे त्या मासळीवर लाल डाग पडत होते. हात लावला की चिकट आणि वास असा की गिऱ्हाईक टोपलीपाशी थांबेना. तिन्ही वर्षे पिंपेच्या पिंपे किनाऱ्यावर पुरावी लागली. आईने नवस केला. शेजारणीने दृष्ट काढली. मुलीने ऑनलाइन ग्रंथालय उघडले.

तिला एक लेख सापडला. खारवलेल्या मासळीवरचे लाल डाग, कारणे व उपाय. चौदा पाने, इंग्रजीत. ती शेजारी शब्दकोश ठेवून वाचू लागली. दिवसाला अर्धे पान, आणि जे समजेल ते वहीत. मी तिला म्हटले, "अगं, उतरवून घे आणि घरी नेऊन वाच."

"घरी कम्पुटर कुठं हाय, काका?"

"मग छापून देतो."

पण छपाईयंत्र ग्रंथालयाच्या वापराचा अहवाल छापण्यासाठी राखीव होते.

खरी अडचण पुढेच होती. आमची प्रणाली अशी, की दहा मिनिटे एकही कळ दाबली नाही तर ती "आपण निष्क्रिय आहात" असे सांगून वाचकाला बाहेर काढते. माणूस कळ न दाबता पडद्याकडे बघतोय म्हणजे तो उठून चहाला गेला असणार, एवढा प्रणालीचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास होता. स्वप्नालीला एका परिच्छेदाला पंधरा मिनिटे लागत. त्यामुळे ती प्रत्येक परिच्छेदात एकदा निष्क्रिय ठरे, मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा शोध, पुन्हा ते पान.

फेब्रुवारीचा तक्ता मीच केला. उतरवलेले लेख : ३१,४०६. पूर्ण वाचलेले लेख : ०.७१. (हा आकडा स्वप्नालीने चौदापैकी वाचलेल्या दहा पानांचा आहे. शून्य लिहिणे मला अन्यायाचे वाटले.) आत्माराम सरांनी तक्ता पाहिला आणि दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. उजव्या संगणकावर ताशी एकशे नव्वद लेख उतरत होते आणि डाव्यावर, रोज तीन ते पाच या वेळात, शून्य.

"या वेळेत यंत्र बिघडतं का?"

"नाही सर. या वेळेत एक मुलगी वाचते."

मग समितीची तातडीची सभा झाली. आमच्या ग्रंथपाल व्हेरोनिका मॅडम सभेत म्हणाल्या, "सर, एकच तर पोर वाचते आख्ख्या कॉलेजात. तिला कशाला उठवता? पाप लागेल हो."

"मॅडम, वाचनाला माझा विरोध नाही," सर अतिशय सौम्यपणे म्हणाले. "माझ्या घरीही पुस्तकं आहेत. पण ग्रंथालय हे वापरासाठी आहे. वाचत बसलं तर वापरायचं कधी?"

मॅडमनी कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूसाची खूण केली. ठराव मंजूर झाला. परिपत्रक निघाले : 'वाचनामुळे ग्रंथालयाच्या वापरात घट येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब संबंधितांनी संगणकापुढे वाचत बसू नये.' त्याची प्रत स्वप्नालीच्या हाती मलाच द्यावी लागली. तिने ती पूर्ण वाचली. (परिपत्रक पूर्ण वाचणारीही ती पहिलीच.)

"काका, चारच पानं ऱ्हायलीत. उपाय त्यातच हाय. एप्रिलात आयस मीठ भरंल. त्याच्या आत कळलं नाय तर या वर्साला पन पुरायचंच."

मी पोचवहीवर तिची सही घेतली. मी सहायक.

मार्चच्या मध्यावर जोडणी पुरवणाऱ्या संस्थेचे तपासणी अधिकारी आले. त्यांना शाल, श्रीफळ आणि तक्ता देण्यात आला. ते प्रसन्न झाले. पण तपासणी म्हटल्यावर काहीतरी विचारावे लागते, म्हणून रांगेत उभ्या केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, "काय वाचलंत इथे?"

संकेतने बुटांकडे पाहिले. इतरांनी संकेतकडे पाहिले. शेवटून स्वप्नाली बोलली, "सर, खाऱ्या मासळीवर लाल डाग पडतात ना, ते जंतू मिठातूनच येतात. बाकीचे जंतू मिठानं मरतात, हे मिठातच वाढतात. आमी समजायचो, पानी लागलं म्हनून. पन उपायापरेंत नाय पोचले."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. "किती लेख उतरवलेस?"

"एक."

"वर्षभरात?"

"एकच. तोच वाचते."

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला : 'वापर उत्कृष्ट. एका विद्यार्थिनीस ग्रंथालय वापरण्याच्या प्रशिक्षणाची नितांत गरज.'

नितांत हा शब्द असल्यामुळे विलंब चालणार नव्हता. येत्या शनिवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा प्रशिक्षण ठरले. उपस्थिती सक्तीची. प्रशिक्षणार्थी एक. प्रशिक्षक आत्माराम सर. सर आले, हजेरीवर सही केली, माठातले पाणी प्यायले, "कळ कुठली दाबायची ते दाखवा हिला" असे मला सांगितले आणि वाडीवर माणसे लावली होती म्हणून गासला निघून गेले.

कचेरीचा आदेश मी आजवर मोडलेला नाही. कळ दाखवायची होती, मी दाखवली. दर नऊ मिनिटांनी एकदा, तीन तास. ती वाचत होती आणि मी शेजारच्या स्टुलावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, टाळकऱ्याने समेची वाट बघावी तसा बसलो होतो. नऊ मिनिटे झाली की टक्. प्रणालीच्या दृष्टीने आम्ही दोघे अखंड सक्रिय होतो. पासवर्ड आणि शोध यांतच जाणारा वेळ वाचल्यामुळे पाने भराभर सरकत होती. साडेअकराला भारनियमनात वीज जायची होती. अकरा वाजता तेरावे पान. सव्वाअकराला चौदावे. शब्दकोश मी धरला, ती लिहू लागली.

"'डिस्कार्ड' म्हंजे काय, काका?"

"टाकून देणे."

तिची पेन्सिल थांबली. "म्हंजे उरलेलं मीठ टाकून द्यायचं. आयस दर वर्साला उरलेलं मीठ त्याच पिंपात ठेवते, काका! फुकट कशाला घालवायचं म्हनून. नवीन मीठ वरून घालते."

पुढच्या ओळी तिने पळत लिहिल्या. पिंप कढत पाण्याने धुवावे, नवे मीठ आधी चांगले भाजून घ्यावे. शेवटच्या ओळीखाली तिने रेघ मारली आणि वीज गेली. अंधारल्या पडद्यासमोर माझ्याकडून नकळत हात जोडले गेले. (दसऱ्याला जोडले होते, पण तेव्हा सगळेच जोडत होते.)

मेच्या अखेरीस ती वर्तमानपत्रात गुंडाळून सुरमईची एक तुकडी घेऊन आली. पांढरीस्वच्छ, एकही डाग नाही. मी माळकरी असल्याने पुराव्याला हात लावू शकलो नाही. व्हेरोनिका मॅडमनी लावला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी निष्कर्ष कळवला : "भातासोबत देवासारखी लागली."

मी तक्ता पूर्ण केला. पूर्ण वाचलेले लेख : १.००. आत्माराम सरांनी तो रकाना पुढल्या वर्षापासून रद्द केला, कारण इतक्या लहान आकड्याने तक्ता वाईट दिसतो. महाविद्यालयाला सर्वोत्तम वापराची ढाल मिळाली. ती डाव्या संगणकासमोर ठेवली आहे, त्यामुळे तिथे आता कोणाला बसता येत नाही.

हे सर्व आपण वाचलेत. 'छान आहे' असेही म्हणाल, कात्रण काढून ठेवाल, चुलतभावाला द्याल. तत्पूर्वी एक कबुली. पाहणीत वाचकांचे पाच वर्ग निश्चित झाले असे मी वर लिहिले, पण दिले चारच. बुवांची अंगठीची युक्ती मी उचलली. आपली मान तिथे वर झाली असेल, तर डाव्या संगणकासमोरची ढाल मी स्वतः उचलून ठेवतो, आपण या. झाली नसेल, तर पाचवा वर्ग कोणता, हे आता लिहायची गरज उरली नाही. संकोच नको. या वर्गातही ९७.४ टक्के लोकांना ग्रंथालय अत्यंत उपयुक्तच वाटते.