निबंधाचे सुटे भाग

"माणसानं लेख वाचावा, त्याची हाडं कशाला मोजावीत?" कपड्यांच्या घड्या घालता घालता माई पुटपुटल्या. हळूच, पण पलंगाशी वाकलेल्या अण्णांना ऐकू जाईल इतपतच हळू.

अण्णांनी लक्ष दिलं नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मागच्या महिन्यात वाचनालयात त्यांनी ‘वेळेचे महत्त्व’ हा स्वतःचा निबंध वाचला, तेव्हा पहिल्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर चक्क घोरले. ग्रंथपालबाईंनी सांभाळून घेत सल्ला दिला होता, "अण्णा, चांगला लेख लेखकाच्या नजरेनं वाचा. कसा जुळवलाय ते बघा." सुधारलेला निबंध आज संध्याकाळी पुन्हा वाचायचा होता.

आता कसा जुळवलाय ते बघायचं, तर आधी उघडायला नको? सुनेनं वेळ याच विषयावरच्या एका गाजलेल्या लेखाची प्रत दुकानातून छापून आणली होती. अण्णांचा निबंधही तिथूनच टाइप करून आणलेला. अण्णांनी दोन्हींचे परिच्छेद कात्रीनं सुटे केले आणि चिमट्यानं उचलून चादरीवर मांडले. लेखकाचे डावीकडे, आपले उजवीकडे.

"बघ, इथं तो मध्येच थांबतो. स्प्रिंग दाबून धरावी तसा!"

"तुम्हीही थांबा आता. आंघोळ राहिलीय."

अण्णा आंघोळीला गेले आणि घामाघूम झालेल्या माईंनी सवयीनं पंखा लावला.

"सूनबाई, धाव गं!"

एक परिच्छेद कपाटावर, एक माईंच्या अंबाड्यात, बाकीचे पलंगाखाली. दोघी गुडघ्यांवर बसल्या. कागद तोच, टाइप तोच. कुठला कुणाचा, कसं ओळखणार?

सुनेनं एक तुकडा उचलला. "‘काळ हा अनादी आहे, अनंत आहे, आणि...’" तिला जांभई आली. माईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तो तुकडा उजवीकडे ठेवला. मग सून मनातल्या मनात तुकडे वाचत गेली आणि माई तिचा चेहरा. जांभई आली की उजवीकडे, हसू आलं की डावीकडे. काम भराभर उरकलं.

अण्णा ओल्या केसांनी दारात उभे. तुकडे उडाले आणि पुन्हा लागलेही, हे ऐकून चकित झाले. "इतक्यात लावलंत? कसं काय ओळखलंत?"

सुनेला गॅसवरचं दूध आठवलं. माई आधीच घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागल्या. "एवढ्या वर्षांचा संसार. तुमचं लिखाण ओळखणार नाही?"

अण्णा खूश होऊन तपासू लागले. उजवीकडचं सगळं बरोबर. डावीकडे मात्र थबकले.

"चुकलात. हा माझा. काल घाईत घुसडलेला, काढूनच टाकणार होतो." त्यांनी वाचलं, "‘घरातलं घड्याळ बायको रोज सकाळी पुढे करते आणि मी रोज रात्री जागेवर आणतो. या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. बोललो असतो, तर दोघांपैकी एकाला चुकीचं ठरावं लागलं असतं.’"

दूध विसरून सून दारातच थांबली.

"यात धड विचार नाही की काही नाही. मग हा लेखकाच्या बाजूला का ठेवलात?" अण्णांचा आवाज उतरला. "खरं सांगा. संध्याकाळी मला हेडमास्तरांसमोर उभं राहायचंय."

सुनेनं माईंकडे पाहिलं. माईंनी टॉवेल खाली ठेवला.

"तुमचं बाकीचं ऐकताना झोप येते हो. हेडमास्तरांनाच नाही, सगळ्यांनाच. याला सूनबाई हसली. हेच वाचा." मग टॉवेल पुन्हा उचलत म्हणाल्या, "आणि आजपासून रात्री त्या घड्याळाला हात लावायचा नाही."