म्हाळूच्या आईस निरोप पोचविल्याची बखर

श्री गजानन प्रसन्न असोत आणि वाचणाराचे चित्त ठिकाणी असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी एका दौलतीत संगणकाच्या पडद्यावरचे खेळ घडविण्याचा थोर कारखाना चालत असे, आणि खेळ ऐसे की खेळणाराने स्वतः एखाद्या पात्राचे सोंग घ्यावे, त्याच्या पायांनी चालावे, त्याच्या तोंडाने बोलावे आणि त्याचे सुखदुःख भोगावे. या खेळांच्या कथा सगुणाबाई कथानवीस लिहीत. बाई बुद्धीने तिखट, जिभेने त्याहून तिखट, परंतु मनाने हळव्या. त्यांनी नव्या खेळात एक प्रकरण रचिले, ते ऐसे की सिदू आणि म्हाळू हे दोघे भाऊ घाटातील पेंढाऱ्यांवर चालून जातात, धाकटा म्हाळू पडतो, आणि मग सिदूने, म्हणजे खेळणारानेच, एकट्याने घरी चालत जाऊन आईस ते सांगावे. लहानपणी बाईंनी असाच एक निरोप मावशीच्या दारी नेला होता आणि ती वाट त्यांस अद्याप विसरवत नव्हती, म्हणोन या प्रकरणावर त्यांचा जीव फार.

मग परीक्षेचा दिवस नेमिला आणि सभा भरली. खुद्द सरकार येऊन बसले, गतीचे दरोगे रायाजीपंत बसले, खेळ कोठे रेंगाळू नये हे पाहणे त्यांचा हुद्दा, आणि खेळावयास जोत्याजी परीक्षक बसले, ज्यांची ख्याती ऐसी की संवाद न वाचता बटण दाबीत दाबीत तीन दिवसांचा खेळ एका दुपारी फस्त करीत. जोत्याजींनी पेंढारी लोळविले, आणि म्हाळूने सिदूच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडिला, आणि तोच धडाडधूम नगारा वाजला आणि पडद्यावर सोनेरी अक्षरे झळकली, "फत्ते! नवी ढाल प्राप्त जाहली!" आणि त्याखाली, "पुढील कामगिरी: पाटलाच्या दहा कोंबड्या पकडा." दौलतीचा शिरस्ताच ऐसा की कोणतीही कामगिरी संपली की नगारा आपोआप वाजावा, आणि मरणाने संपणारी कामगिरी वेगळी काढावी हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते, बाईंच्याही नाही. सभा पोट धरधरून हसली. मग जोत्याजींनी घरची वाट उड्या मारीत उरकली, कारण उड्या मारिल्याने सिदू लवकर पोचतो, आणि आईने बावीस वाक्यांचा विलाप मांडिला तो बटण दाबून उडवून दिला. बाईंस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि लाजेहून राग अधिक आला.

"अहो बाई, लोक खेळायला येतात, सुतक पाळायला नाही," रायाजीपंत म्हणाले. "म्हाळू पडला की सिदूला एका टिचकीत घरी पोचवा. ती वाट हवी कशाला?"

"पंत, ती वाट हीच कथा आहे," बाई म्हणाल्या. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत करू नका."

सरकार म्हणाले, "आठ दिवस दिले. पुन्हा हशा झाला तर प्रकरण खेळातून काढून टाकू. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी कंबर बांधिली, नगारा बंद करविला, ढाल आणि कोंबड्या काढविल्या, आणि मग आपलेच लिखाण पुन्हा वाचावयास घेतले, तो काय पाहतात, घाटाकडे जातानाच दोघे भाऊ ऐसे सुस्कारे टाकीत होते की म्हाळूस आपले मरण कोणी आधीच कळविले असावे. ज्याच्यासंगे घडीभर हसलो नाही त्याच्यासाठी रडावे कसे, हे बाईंस उमजले, आणि दोष नगाऱ्याचा निम्मा, आपला निम्मा, हेही त्यांनी मनाशी कबूल केले. मग मानापमान बाजूस ठेवून त्या रायाजीपंतांच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "पंत, जातानाची वाट तुमची. हवी तशी दौडवा. येतानाची माझी, तिला हात लावायचा नाही." पंतांस नवल वाटले, परंतु माणूस हुद्द्याचा पक्का. त्यांनी जातानाच्या वाटेत शर्यती घातल्या, कैऱ्यांची चोरी घातली, आणि म्हाळूच्या तोंडी ऐशी थट्टा घातली की ती लिहून घेणारे कारकूनही हसले. येतानाच्या वाटेवर बाईंनी उड्या बंद केल्या आणि वाजंत्री बंद केली, आणि विलापाची बावीस वाक्ये एकेक करून स्वतः छाटिली. जीव तुटला, पण छाटिली.

आठवे दिवशी पुन्हा सभा भरली. जोत्याजी शर्यतीत म्हाळूकडून हरले आणि मोठ्याने हसले, "लबाड आहे हो पोरगं! पुन्हा पळू!" मग घाट आला, आणि म्हाळू पडला, आणि काहीच वाजले नाही. जोत्याजींनी सवयीने दोन वेळा उडीचे बटण दाबिले, उडी लागेना, तेव्हा चालू लागले. घर आले, आणि दाराआडून आईचा आवाज आला, "आलात का रे दोघं? हातपाय धुवा, वाढते." खाली अक्षरे आली की सांगावयाचे असल्यास बटण दाबावे. जोत्याजींचे बोट बटणावर होते ते तेथेच राहिले.

बराच वेळ गेला आणि रायाजीपंत हळूच म्हणाले, "खेळ अडकला काय?"

"अडकला नाही, पंत," जोत्याजी मान न वळविता म्हणाले. "थांबा जरा. आत आई आहे."

सारांश इतकाच की त्या दिवशी सभेत कोणी हसले नाही, आणि प्रकरण खेळात राहिले. जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाराने सावकाश वाचावे.