आधी बंद करायचं शिकवा

माझ्या तळेगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जो येतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, हे चालू कसं करायचं? अपवाद फक्त गायकवाड भाऊंचा. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "म्याडम, आदी बंद कसं करायचं ते शिकवा. चालू काय, कुणीबी करतंय."

भाऊ जवळच्याच नवलाख उंबरे गावचे. तिथल्याच एका कारखान्यात आयुष्यभर फोर्कलिफ्ट चालवून निवृत्त झालेले. ज्या यंत्राचा ब्रेक माहीत नाही त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यातून कॉम्प्युटरही सुटला नाही. पहिला अख्खा तास मी चालू करायचा आणि त्यांनी बंद करायचा, एवढंच चाललं. निघताना समाधानाने म्हणाले, "आता भ्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी माऊस हलवला. पडद्यावरचा बाण हलला. भाऊंनी हात मागे घेतला. "ह्याला सांगतंय कोण?"

"माऊस सांगतो, भाऊ."

"माऊस हितं टेबलावर हाय. आत जाऊन सांगतंय कोण?"

मग ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव काढावंच लागलं. म्हटलं, कीबोर्ड, माऊस, पडदा, प्रिंटर ही झाली यंत्रं. पत्र लिहायचं सॉफ्टवेअर, चित्र काढायचं सॉफ्टवेअर, हे झाले कामगार. कुठलं यंत्र कुणी कधी वापरायचं ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते.

"म्हंजी सुपरवायझर," भाऊ म्हणाले. "सोता काय करत न्हाई, पन त्याच्याबिगर कुनाचं पान हालत न्हाई."

"तीसुद्धा काम करते हो."

"तुमी सुपरवायझर बघितला न्हाई, म्याडम."

तेव्हापासून आमच्या क्लासमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमला 'साहेब' हे नाव पडलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला की भाऊ कॉलेजच्या मुलींना गप्प बसवायचे. "साहेब येतायत. दम धरा."

एकदा त्यांचं लिहायचं सॉफ्टवेअर मध्येच अडकलं. काही केल्या हलेना. शेजारच्या मुलीने सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. भाऊंनी तो वरच्यावर अडवला. "एक गडी अडला म्हून आख्खी कंपनी बंद करायची व्हय?" मी टास्क मॅनेजर उघडून तेवढंच सॉफ्टवेअर बंद करून दाखवलं. भाऊ खूश झाले. पण पत्र सेव्ह केलेलं नव्हतं, त्यामुळे सकाळपासून एका बोटाने टाईप केलेलं सगळं गेलं.

"साहेबानं सांगाया नको?"

"लिहिलेलं नुसतं टेबलावर असतं, भाऊ. सेव्ह केलं तरच गोदामात जातं."

मग ते प्रत्येक शब्दानंतर सेव्ह करायला लागले. 'नमस्कार' लिहायचं, सेव्ह. स्वल्पविराम, सेव्ह. कोर्सच्या शेवटच्या परीक्षेतही तेच. त्यात फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्याच्याही आत फोल्डर करून त्यांनी आपली फाईल इतकी जपून ठेवली, की वेळ संपेपर्यंत ती त्यांना स्वतःलाच सापडली नाही. भाऊ नापास झाले.

"परत बसनार," एवढंच म्हणाले.

मला त्यांची दया आली. म्हटलं, "आता सगळं मोबाईलवर होतं, भाऊ. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

त्यांनी माऊस बाजूला सारला. मग पडद्याकडे बघतच बोलायला लागले.

"आमची संघमित्रा बंगळूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत हाय. तिची आई व्हती तवर फोन आईलाच यायचा. दोगी तासतासभर बोलायच्या. मी आपला बाजूला. मागल्या साली ही गेली. आता फोन मला येतो. 'बरे आहात ना?' 'व्हय. तू?' 'मीपण.' झालं. फुडं काय इचारावं तेच सुचत न्हाई बगा. ती दिसभर करती काय, ते कळलं तर इचारायला काय तरी व्हईल."

त्या दिवसापासून क्लास सुटल्यावर मी त्यांच्यासाठी थांबायला लागले. त्यांच्या जाड बोटांखाली दोन-दोन अक्षरं एकदम दाबली जायची. ते पुसायचे, पुन्हा टाईप करायचे, पुन्हा पुसायचे. कधी चिडले नाहीत. दुसऱ्या परीक्षेत काठावर पास झाले.

त्यानंतरही ते येतच राहिले. एका संध्याकाळी क्लासमध्ये आम्ही दोघंच होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्याच्या आवाजाने भाऊंना ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"बरे आहात ना, अप्पा?"

"व्हय. तू?"

"मीपण. जरा दमलेय. सकाळपासून आमचं सगळं बंद पडलं होतं."

भाऊ खुर्चीत सावरून बसले. "काय बंद पडलं? ऑपरेटिंग सिस्टीम, का तिच्यावरचं सॉफ्टवेअर?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सॉफ्टवेअर," ती हळूच म्हणाली. "काल त्यात मीच एक बदल केला होता."

"मग?"

मग ती बोलायला लागली. काय चुकलं, कुठे अडलं, सगळ्यांसमोर वरिष्ठ काय बोलले, ती कशी जिन्यात जाऊन उभी राहिली. त्यातले निम्मे शब्द मलाही नवे होते. भाऊ डोळे मिटून ऐकत होते आणि ती थांबली की "मग?" म्हणत होते.

"अप्पा, तुम्हाला कळतंय का हे सगळं?"

भाऊंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवीन असं वाटलं असेल.

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "लय कळत न्हाई."

"आईलाही कळायचं नाही," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला. तू सांग. मी बसलोय हितं."

ती पुन्हा सांगायला लागली. पुढच्या बॅचच्या मुली जिना चढून वर येत होत्या. मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि त्यांना म्हटलं, आज थोडा उशीर होईल.