देवरावांनी नातीला बोलतं केलं

माया अडीच वर्षांची झाली तरी सगळा कारभार बोट दाखवूनच करत होती. डॉक्टरीणबाईंनी कानांची तपासणी केली. कान ठणठणीत होते. त्या म्हणाल्या, काम करता करता तिच्याशी बोला. तुम्ही एक बोला, मग थांबा. तिचं तिला बोलू द्या.

"हे तर आपलं जुनंच काम हाय," देवराव घरी येऊन म्हणाले. "मी मुक्या साहेबाले बोलतं केलं, ही तर घरची पोरगी!"

देवराव बडनेऱ्याचे निवृत्त रेल्वे कर्मचारी. सगळी नोकरी युनियनच्या माइकसमोर गेलेली. सून नीलमला मात्र मायाला पाळणाघरात घालायचं होतं. चार पोरांत बोलायला शिकेल, असं तिचं म्हणणं. देवरावांना हा सरळसरळ अविश्वासाचा ठराव वाटला. नात बोलली तर आपल्याच हाताखाली बोलेल, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या सकाळपासून ते दूध तापवताना मूठ वर करून विचारू लागले, "आमाले काय पायजे?" आणि थांबत. सुरुवातीला त्यांची बायको पंचफुलाबाईच आतून म्हणायच्या, शांतता पायजे. पण एका सकाळी ओट्याखालून मूठ वर आली.

"दूध पायजे!"

देवरावांनी गल्लीत पेढे वाटले. पुढे आंघोळ, भाजी, मोजे, सगळं घोषणेवर चालू लागलं. नीलमने कपाळाला हात लावला आणि मायाला पाळणाघरात नेऊन सोडलं.

दुपारीच पाळणाघरातून फोन आला. बाईंनी पोरांना झोपवायला पडदे ओढले, तशी माया गादीवर उभी राहिली. काय पायजे ते तिने विचारलं आणि, देवराव आबांनी शिकवल्याप्रमाणे, थांबली. सगळ्या गाद्या एका आवाजात उठल्या: झोपाळा! ज्याला अजून दात नव्हते, त्यानेही मूठ वर केली. बाई म्हणाल्या, मुलीच्या बोलण्यात काही अडचण दिसत नाही, आजच घेऊन जा.

देवरावांनी नातीला स्कूटरवर मिरवत घरी आणलं, नीलमकडे विजयी नजर टाकली आणि जेवून नेहमीसारखे आडवे झाले.

"चाल माया, झोप आता."

माया उशाशी उभी. मागणी तीच, झोपाळ्याची. बाहेर ऊन इतकं, की कावळाही सावलीला बसलेला. मागणी मांडून ती थांबली. थांबूनच राहिली.

आयुष्यात पहिल्यांदा देवराव साहेबाच्या खुर्चीत होते. त्यांनी डोळे मिटले आणि साहेबासारखाच घसा खाकरला.

"मागणी तत्त्वतः मान्य हाय. समिती नेमतो."

"त्या समितीत मले घेऊ नका," पंचफुलाबाई आतून म्हणाल्या.